फ्लॅट पाहिलात, टाकी पाहिलीत का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रांच्या वास्तुविषयक पुरवण्यांत अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ या पट्ट्यातल्या घरांबद्दल नेहमी येते. चौरस फुटाचा भाव, स्टेशन किती मिनिटांवर आणि बागेचे एक चित्र एवढी माहिती त्यात असते. घर घेणारा ती वाचून रविवारी येतो, नमुना फ्लॅटची फरशी आणि ओटा पाहतो आणि टोकन देऊन जातो. राहायला आल्यावर मात्र त्याचा बहुतेक त्रास फ्लॅटच्या चार भिंतींबाहेरून येतो: जमिनीखालच्या टाकीतून, गच्चीवरून, सोसायटीच्या कपाटातल्या फायलींतून आणि काही भागांत थेट उल्हास नदीतून. बदलापुरात सोसायट्यांच्या कमिट्यांवर काम करणाऱ्या आम्हा काही जणांना हा बाहेरचा भाग तपशिलात मांडावासा वाटतो. आपण जागा द्यावी, ही विनंती.

२००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली आणि त्यानंतरही बांधकाम थांबलेले नाही. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवरच्या या गावाचा कारभार नगर परिषद पाहते. पाणी जीवन प्राधिकरण या राज्याच्या पाणीपुरवठा संस्थेचे, वीज महावितरणची, गाडी मध्य रेल्वेची. या सगळ्यांची जबाबदारी इमारतीच्या फाटकापर्यंत. फाटकाच्या आत पाणी साठवायचे, वर चढवायचे, वाटायचे, सांडपाणी बाहेर काढायचे, जिन्यात दिवा ठेवायचा, लिफ्ट चालू ठेवायची, ही कामे सोसायटीची. म्हणजे दिवसभर नोकरी करून रात्री घरी येणाऱ्या सात-आठ सभासदांची. त्यांना हे कोणी शिकवलेले नसते. पहिल्या वार्षिक सभेत हात वर केला की माणूस सेक्रेटरी होतो आणि दुसऱ्या दिवशी पंप जळतो.

म्हणून पाण्यापासून सुरुवात करतो. बदलापूरचे पाणी उल्हास नदीवरच्या बॅरेज बंधाऱ्यातून येते. सह्याद्रीतल्या इतर छोट्या नद्या मार्च-एप्रिलमध्ये आटतात, उल्हास वाहत राहते. त्याचे कारण घाटावर आहे. मावळातल्या ठोकळवाडी धरणाचे पाणी भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रात उतरते, वीज करून झाल्यावर उल्हासमध्ये सोडले जाते आणि तेच पाणी उन्हाळ्यात खालच्या गावांना पुरते. कमी पावसाच्या वर्षी घाटावरचा साठा जपून वापरला की त्याची झळ आपल्या नळापर्यंत येते. इथे घर घेणाऱ्या बहुतेकांना हे माहीत नसते, आणि नळाला पाणी आले नाही की सगळा राग व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कर्मचाऱ्यावर निघतो.

आता टाकी. माणशी दिवसाला १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा सर्वमान्य हिशेब आहे. ४० फ्लॅट, दर फ्लॅटमागे पाच माणसे धरली तर २०० माणसांना २७,००० लिटर लागतात. पाणी दिवसातून काही तासच येते आणि दुरुस्तीसाठी अधूनमधून एक दिवस बंद राहते. तेव्हा जमिनीखालची आणि वरची टाकी मिळून निदान दीड दिवसाचा, म्हणजे ४०,००० लिटरचा साठा हवा. बिल्डर सांगतो तो आकडा बहुधा भिंतीपासून भिंतीपर्यंतचा असतो. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, २ मीटर खोल टाकी कागदावर ४०,००० लिटरची होते. प्रत्यक्षात बॉलकॉक, म्हणजे टाकी भरत आली की नळ बंद करणारा तरंगता गोळा, वरून २०-२५ सेंटिमीटर खाली पाणी थांबवतो आणि पंपाचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाची जाळीदार झडप, तळापासून १५ सेंटिमीटर वर असतो. हाती १.६ मीटर पाणी लागते, म्हणजे ३२,००० लिटर. घर पाहायला येणाऱ्याने झाकण उघडायला सांगावे आणि टेप लावून मोजावे. वॉचमनला विचारले तरी चालेल: पाणी किती वाजता येते, किती वेळ येते, शेवटचा टँकर कधी मागवला. या तीन उत्तरांत त्या इमारतीचे निम्मे भविष्य कळते.

टँकरचाही हिशेब टाकीतच करावा. वर सांगितलेल्या टाकीचा तळ २० चौरस मीटर आहे. १०,००० लिटरचा टँकर पूर्ण रिकामा झाला तर पातळी बरोबर ५० सेंटिमीटर वाढली पाहिजे. एका सरळ बांबूवर दर १० सेंटिमीटरला रंगाची खूण करून तो झाकणाजवळ ठेवला की मोजायला अर्धा मिनिट लागतो. पातळी ४० नेच वाढली तर आठच हजार लिटर आले. पावतीवर आकडा लिहिण्याआधी काठी बुडवायची, ही सवय वॉचमनला लावावी. टँकर रिकामा होईपर्यंत पंप मात्र बंद हवा, नाहीतर मोजमापच चुकते.

त्याच काठीने टाकीची तब्येतही कळते. रात्री बाहेरचे पाणी बंद झाल्यावर आणि पंप थांबवल्यावर अकरा वाजता पातळी लिहून ठेवावी, पहाटे पाच वाजता पुन्हा पाहावी. एक सेंटिमीटर उतरली तर २०० लिटर गेले. सहा तासांत तीन सेंटिमीटर म्हणजे ६०० लिटर आणि पूर्ण दिवसात सुमारे २,४०० लिटर जमिनीत मुरतात. पाण्याला बाहेर जायला दुसरी वाट नसल्याने टाकीला तडा आहे किंवा पाइप जिथे भिंतीतून जातो तिथला सांधा सुटला आहे, असे समजावे. पातळी उतरण्याऐवजी वाढली तर जास्त काळजी करावी. दोन कारणे असतात. एक, पंपाच्या पुढचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे येऊ न देणारी झडप) आणि खालचा फूट व्हॉल्व्ह दोन्ही नीट बसत नाहीत आणि वरच्या टाकीतले पाणी उलटे खाली येते. दोन, पावसाळ्यात जमिनीतले किंवा शेजारच्या गटाराचे पाणी टाकीत शिरते. वर जाणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून दुसऱ्या रात्री पुन्हा मोजावे. तरीही पातळी वाढली तर दुसरे कारण पक्के. त्या दिवसापासून टाकीचे पाणी पिण्यास बंद करावे, टाकी रिकामी करून आतून दुरुस्त करावी.

बाहेरच्या लाइनला थेट मोटर लावण्याबद्दल स्पष्ट लिहायला हवे. बैठ्या घरांत आणि छोट्या इमारतींत हे सर्रास चालते. मोटर पाणी ओढते तेव्हा पाइपमध्ये दाब शून्याच्या खाली जातो. पुढच्या घरांना पाणी मिळत नाही एवढेच नुकसान नसते. जमिनीखालच्या जुन्या पाइपला जिथे बारीक गळती आहे, तिथून एरवी पाणी बाहेर झिरपते. दाब उलटा झाला की त्याच भोकातून बाहेरची घाण आत ओढली जाते. पाइप गटाराला लागून गेलेला असेल तर त्या रांगेतल्या सगळ्या घरांत जुलाब-कावीळ पोहोचते. सोसायटीने आलेले पाणी आपल्या दाबाने टाकीत पडू द्यावे आणि पंप फक्त टाकीवर लावावा. दाब कमी पडत असेल तर टाकीच्या तोंडाची उंची तपासावी. रस्त्यापेक्षा उंचावर घेतलेला नळ खाली घेतला की बऱ्याच वेळा पाणी वाढते.

पंप जळण्याची कारणे तीनच. थ्री फेजपैकी एक फेज जाणे, व्होल्टेज कमी असताना चालवणे आणि टाकी रिकामी झाल्यावर कोरडा फिरणे. तिन्हींवर उपाय स्टार्टरच्या पेटीत बसतो: एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, जास्त करंट ओढला की मोटर तोडणारा, नीट लावलेला ओव्हरलोड रिले आणि खालच्या टाकीत पाणी संपले की पंप थांबवणारा फ्लोट स्विच. जळालेल्या मोटरच्या तारा नव्याने गुंडाळण्याच्या (रिवाइंडिंगच्या) एका बिलाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. ओव्हरलोड रिले सारखा पडतो म्हणून त्याचा आकडा वाढवून ठेवणारे मेस्त्री भेटतात, तसे करू देऊ नये. रिले पडतो याचा अर्थ मोटर जास्त करंट ओढते आहे, मग बेअरिंग पाहावे, व्होल्टेज पाहावे. दोन पंप असतील तर एक दिवसाआड आळीपाळीने चालवावेत. राखीव म्हणून सहा महिने ठेवलेला पंप ऐन वेळी जाम झालेला असतो. जिन्याखाली एक वही ठेवून पंप किती वाजता लावला, किती वाजता वरची टाकी भरली, एवढे रोज लिहावे. तासात भरणारी टाकी दीड तास घेऊ लागली की इंपेलर (पंपातले पाणी ढकलणारे चक्र) झिजला आहे किंवा फूट व्हॉल्व्हच्या जाळीत कचरा बसला आहे, हे पंप बंद पडायच्या आधी महिनाभर कळते.

सर्वांत वरच्या मजल्याला पाणी कमी येते, ही तक्रार प्रत्येक सोसायटीत आहे. त्यात कोणाची लबाडी नसते. दहा मीटर उंचीच्या पाण्याला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो. गच्चीवरची टाकी वरच्या मजल्याच्या नळापेक्षा जेमतेम तीन मीटर उंच असते, म्हणून तिथे ०.३ किलो दाब मिळतो आणि तळमजल्याला दीड-दोन किलो. गीझर आणि वॉशिंग मशीन त्या दाबावर धड चालत नाहीत. वरच्या मजल्यासाठी टाकीपासून वेगळा, मोठ्या व्यासाचा पाइप काढावा. कोणी आपल्यापुरता प्रेशर पंप सामाईक पाइपवर लावला तर त्याच पाइपवरच्या शेजाऱ्याचा नळ हवा फेकू लागतो आणि भांडण सभेपर्यंत येते.

टाक्या वर्षातून दोनदा धुवाव्यात, एकदा मेअखेर आणि एकदा पावसाळा संपल्यावर. जमिनीखालच्या टाकीत माणूस उतरवण्याआधी दोन्ही झाकणे काही तास उघडी ठेवावीत, वर एक माणूस सतत उभा असावा आणि पेट्रोलवर चालणारा पंप कधीही टाकीत उतरवू नये. त्याच्या धुराने आतला माणूस दगावतो. गाळ काढून भिंती घासल्यावर ते पाणी उपसून टाकावे आणि मग टाकी भरावी. शंका असेल तेव्हा दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते, ३०,००० लिटरला ७५ ग्रॅम. ती बादलीत कालवून दहा मिनिटे ठेवावी, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे, खाली बसलेला चुना टाकून द्यावा आणि निदान अर्धा तास पाणी वर चढवू नये. झाकणाचा कठडा जमिनीपासून १५ सेंटिमीटर तरी उंच हवा. आपल्याकडे तो पार्किंगच्या फरशीच्या पातळीला असतो, गाड्या धुतलेले पाणी कडेने आत जाते आणि वरून सगळे चकचकीत दिसते.

गच्चीबद्दल. आमच्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो आणि दहा वर्षांच्या इमारतीवर पत्र्याची शेड दिसणे नेहमीचे झाले आहे. गळतीचे मूळ बहुधा तीन ठिकाणी असते: कोब्याचा, म्हणजे स्लॅबवरच्या सिमेंटच्या थराचा, उतार चुकलेला असतो, कठड्याच्या पायथ्याशी केलेली सिमेंटची गोलाई (वाटा) फुटलेली असते किंवा पावसाळी पाइपचे तोंड कोब्यापेक्षा वर राहिलेले असते. उतार शंभरास एक हवा, म्हणजे सहा मीटर अंतरात सहा सेंटिमीटर. पाणी साचते कुठे ते पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन तासांनी वर जाऊन खडूने आखून ठेवावे. वॉटरप्रूफिंगचे काम झाल्यावर पाइपांची तोंडे बंद करून पाच सेंटिमीटर पाणी ४८ तास तुंबवून ठेवावे आणि खालच्या छताला ओल आली नाही हे पाहूनच शेवटचा हप्ता द्यावा. हे काम एप्रिलमध्ये करावे. जूनच्या पहिल्या आठवड्यात सिमेंटला पाणी मुरायला आणि वाळायला वेळ मिळत नाही, आणि भावही चढलेले असतात.

पत्र्याने गच्चीवरचे पाणी थांबते, पण पत्र्यावर पडलेले पाणी कुठे जाणार याचा विचार झालेला नसतो. पन्हळ न लावता टाकलेला पत्रा सगळे पाणी बाहेरच्या भिंतीवर ओततो. दोन वर्षांत वरच्या दोन मजल्यांच्या भिंती आतून काळ्या पडतात. शेडला नगर परिषदेची परवानगी लागते, खांब स्लॅब फोडून न बसवता कठड्याच्या आणि कॉलमच्या आधाराने घ्यावे लागतात आणि चारही बाजू बंद करता येत नाहीत. आमचे मत असे की आधी कोबा नीट करावा. तो निकामी झालेला असेल आणि तोडला तर स्लॅबला धोका असेल, तरच शेडकडे वळावे.

गच्चीच्या खर्चावरून वरच्या मजल्याला एकटे पाडले जाते, तेही चूक आहे. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सहकार खात्याने सोसायट्यांना घालून दिलेल्या नियमांनुसार, गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती ही सोसायटीच्या खर्चाने करायची कामे आहेत, वर्गणी सगळ्यांची. दोन फ्लॅटमधल्या न्हाणीघराची गळती वेगळी, ती त्या दोघांची. लिफ्टचा खर्चही त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा द्यायचा, तळमजला वापरत नसला तरी. आणि नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर रेरा या घरबांधणी प्रकल्पांवरच्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. मात्र त्याला लेखी कळवलेले असले पाहिजे. फोटो, तारीख आणि पोचपावती लागते. तोंडी सांगण्यात चार पावसाळे जातात, मुदत संपते.

यातून पैशाचा प्रश्न येतो. 'मेंटेनन्स कमी' ही जाहिरातीतली जमेची बाजू नाही, उद्याची थकबाकी आहे. उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी साठवायचा निधी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला निदान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी निदान पाऊण टक्का. समजा, ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च, जमिनीची किंमत वगळून, ९ लाख रुपये आहे. सिंकिंग फंडाचे वर्षाला २,२५० आणि दुरुस्तीचे ६,७५० रुपये झाले. महिन्याला ७५० रुपये हे एवढ्यासाठीच. त्यावर पाणी, सामाईक वीज, वॉचमन, सफाई, लिफ्टचा करार, लेखापरीक्षण. ज्या सोसायटीत सगळे मिळून आठशे-हजार घेतले जातात, तिथे हे दोन निधी भरलेच जात नाहीत. बाराव्या-पंधराव्या वर्षी रंग, प्लास्टर आणि ड्रेनेज पाइप एकदम निघतात. मग प्रत्येकाकडे एकरकमी मोठी वर्गणी मागितली जाते, निम्मे लोक भरत नाहीत आणि काम अर्धवट राहते. जुना फ्लॅट घेणाऱ्याने शेवटच्या दोन वर्षांचे ऑडिट अहवाल मागावेत, या निधींच्या मुदत ठेवी कोणत्या बँकेत किती आहेत ते पाहावे आणि थकबाकीदारांचा आकडा विचारावा. पंधरा वर्षे झालेल्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करायचे असते, त्याचाही अहवाल मागावा. थकबाकीवर सरळ व्याज वर्षाला २१ टक्क्यांपर्यंतच लावता येते, आणि तेही सर्वसाधारण सभेने ठरवलेले असले पाहिजे.

कागदांत पहिला भोगवटा प्रमाणपत्राचा, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणाऱ्या दाखल्याचा. त्याशिवाय ताबा घेऊ नये, एवढेच पुरे. दुसरा जमिनीचा. फ्लॅटचे करारपत्र नोंदले म्हणजे जमीन आपली झाली असे बहुतेकांना वाटते. जमीन सोसायटीच्या नावावर होते ती अभिहस्तांतरणाने (कन्व्हेयन्सने), आणि फ्लॅटच्या मालकीविषयीच्या जुन्या मोफा कायद्याच्या नियमांप्रमाणे ते सोसायटी स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत व्हायला हवे. बिल्डर करत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना ७ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घेण्याचा) अर्ज करता येतो. त्यासाठी सोसायटीचे नोंदणी प्रमाणपत्र, सभेचा ठराव, सभासदांची यादी आणि त्यांचे इंडेक्स टू (दस्तनोंदणीचे उतारे), एका फ्लॅटचा नोंदलेला करार, ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), मंजूर नकाशे आणि बिल्डरला दिलेली नोटीस लागते. अडचण बहुधा सभासदांच्या यादीत येते. दोन-तीन फ्लॅट मधल्या काळात विकलेले असतात, एकाचे मुद्रांक शुल्क भरलेले नसते, कोणाचे मूळ कागद बँकेत असतात. ते आधी गोळा करावे. आदेश मिळाला की पेढे वाटले जातात, आणि इथेच गाडी अडकते. आदेशानंतर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून दस्ताचे अभिनिर्णय (मुद्रांक शुल्क किती ते ठरवून घेणे), मग दुय्यम निबंधकांकडे नोंदणी, मग सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर सोसायटीचे नाव, या तीन पायऱ्या उरतात. शेवटची पायरी न केलेल्या सोसायट्या आजही आहेत. पुनर्विकासाची वेळ आली की जमिनीवर जुन्या मालकाचेच नाव निघते.

गाडीबद्दल थोडे. कल्याणपासून कर्जतकडे दोनच रूळमार्ग आहेत आणि त्यांवरून लोकल, मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या सगळ्याच जातात. एक मेल उशिरा आली की सकाळच्या चार लोकल मागे सरकतात. कल्याण ते बदलापूर तिसरा आणि चौथा मार्ग, सुमारे १४ किलोमीटर, मंजूर आहे. तो सुरू होईपर्यंत हे चालायचे. बसायला जागा मिळावी म्हणून अंबरनाथ-उल्हासनगरचे प्रवासी उलटे बदलापूरला येऊन त्याच गाडीने परत जातात आणि रोज सकाळी दरवाजात वाद होतात. दोघांचीही अडचण खरी आहे, गाड्याच कमी आहेत. घर घेणाऱ्याने एक करावे: सोमवारी सकाळी, जमल्यास जुलैत, इमारतीच्या फाटकापासून फलाटापर्यंत वेळ लावून जावे. शेअर रिक्षाची रांग, पुलावरची गर्दी आणि पूर्व-पश्चिम ओलांडण्याचा वेळ धरला की जाहिरातीतली दहा मिनिटे पंचवीस होतात. जाऊन-येऊन दिवसाला अर्ध्या तासाचा फरक पडतो, आणि तो वीस वर्षे पडणार असतो.

आता नदी. २६ जुलै २००५ नंतर २०१९ आणि २०२१ च्या जुलैतही उल्हासचे पाणी पश्चिमेकडच्या सखल भागांत शिरले. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले, ते साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिले. या नदीचे पाणी राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरातून, कर्जत-नेरळवरून येते. त्यामुळे बदलापुरात पाऊस उघडलेला असताना काही तासांनी पूर येऊ शकतो. खिडकीतून आकाश पाहून अंदाज बांधणारे लोक गाड्या हलवायला उशीर करतात. बदलापूरला नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर आहे, कर्जतला रात्रभर मुसळधार झाली असेल तर पहाटेच या आकड्याची चौकशी करावी.

जलसंपदा विभागाच्या नकाशांत पूररेषा दोन असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात अटी लागू होतात. हेंद्रेपाडा, वालिवली, बॅरेज रोड या बाजूला घर घेणाऱ्याने त्या सर्व्हे नंबरचा नकाशा नगर परिषदेत पाहावा आणि जुन्या इमारतींच्या पार्किंगच्या खांबांवरची पाण्याची खूण पाहावी. रंग दिला तरी ती ओल पुन्हा वर येते. अशा जागी राहतच असाल तर वीजमीटरची पाटी, पंपाचा स्टार्टर आणि लिफ्टचा पॅनेल त्या खुणेच्या वर निदान अर्धा मीटर हलवून घ्या. मीटर हलवायचे काम महावितरणकडे अर्ज करून आणि परवानाधारक ठेकेदाराकडूनच करावे. पाणी चढू लागले की आधी लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन ठेवावी, मग मेन स्विच बंद करावा. पूर ओसरल्यावर जमिनीखालच्या टाकीतले पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी सगळे उपसून टाकावे, टाकी धुवावी, मोटर उघडून वाळवावी आणि इन्सुलेशन तपासल्याशिवाय सुरू करू नये. गडबडीत चालू केलेली मोटर त्याच मिनिटाला जाते.

आपल्या वर्तमानपत्राकडे तीन मागण्या आहेत. वास्तुविषयक पुरवणीत ज्या प्रकल्पाची माहिती छापाल, त्याच्या भावाशेजारी पाण्याचा स्रोत, दोन्ही टाक्यांची वापरण्याजोगी क्षमता आणि सर्व्हे नंबर पूररेषेच्या आत आहे की बाहेर, हे तीन रकाने द्यावेत. बिल्डरने माहिती दिली नाही तर रकाना रिकामा छापावा, वाचक समजून घेतील. पाणी बंद राहण्याची बातमी त्याच दिवशी सकाळी येते तेव्हा टाकी भरून घेण्याची वेळ टळलेली असते, ती निदान एक दिवस आधी यावी. आणि जून ते सप्टेंबर ठाणे जिल्ह्याच्या पानावर मुंबईच्या पावसाच्या आकड्याखाली कर्जत, नेरळ आणि माथेरानचा पाऊस आणि बॅरेजवरची नदीची पातळी रोज छापावी. एका ओळीची जागा लागेल.

आपले,
सोसायट्यांच्या कमिट्यांवर काम करणारे काही रहिवासी,
बदलापूर